सँटा क्लारा काउंटीतली सरकारी हायस्कूलं कशी ताडून पाहायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की पुण्या-मुंबईहून, टेक्सासहून, न्यू जर्सीहून इथे कॅलिफोर्नियात येऊ घातलेल्या मराठी कुटुंबांचे फोन सुरू होतात. प्रश्न तेच असतात, फक्त मुलांची नावं बदलतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. माझी दोन मुलं याच काउंटीतल्या सरकारी हायस्कूलांतून बाहेर पडली, तीही शाळा चालवणाऱ्या दोन वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमधून, त्यामुळे जे लिहिलंय त्यात माझे पूर्वग्रह आहेतच. ते लपवलेले नाहीत.

इथलं हायस्कूल म्हणजे कुठली इयत्ता?

नववी ते बारावी. आपल्याकडे हायस्कूल दहावीला संपतं आणि मग ज्युनियर कॉलेज. इथे ही चार वर्षं एकाच आवारात जातात आणि चारही वर्षांचे ग्रेड पुढे कॉलेजच्या अर्जात दिसतात. नववी ‘सरावाची’ म्हणून सोडून देता येत नाही.

ते सोडा, काउंटीतली सगळ्यात चांगली शाळा कुठली ते सांगा.

फोनवरचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्यामागे अकरावीची कटऑफ लिस्ट असते हे मला कळतं. रुईया, रुपारेल, फर्ग्युसन: टक्केवारी लागली, यादी लागली, विषय संपला. तिथे शाळा मुलांना गुणांवर निवडते. इथे सरकारी हायस्कूल मुलांना निवडतच नाही, पत्ता निवडतो. ज्या घरात राहता त्या घराच्या हद्दीतली शाळा तुमची. गुण आणि अर्ज पाहून मुलं निवडणारी सरकारी हायस्कूलं देशात इतरत्र आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचं लोवेल किंवा व्हर्जिनियातलं थॉमस जेफरसन ही नावं कानावर आली असतील. सँटा क्लारा काउंटीतल्या नेहमीच्या सरकारी हायस्कूलांत तसं काही नाही.

त्यामुळे क्युपर्टिनोच्या नावाजलेल्या मॉन्टा व्हिस्टा हायस्कूलचे निकाल पाहताना आपण शाळेचे निकाल पाहतोय की त्या हद्दीत घर घेऊ शकणाऱ्या आईबापांचे, हे आधी स्वतःला विचारावं लागतं. बहुतेक वेळा दोन्हीचं मिश्रण असतं. किती शाळेचं आणि किती घरचं, हे कुठल्याही एका आकड्यात लिहिलेलं नसतं.

आमचा पत्ता सॅन होजेचा आहे, मग शाळाही सॅन होजे डिस्ट्रिक्टची ना?

तसंच असेल असं नाही. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काउंटी, शहर आणि शाळेचं डिस्ट्रिक्ट या तीन वेगवेगळ्या रेघा आहेत आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत. या एका काउंटीत तीसच्या वर स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. त्यांचे तीन प्रकार. बालवर्ग ते बारावी सगळं एकाच छत्राखाली असेल तर युनिफाइड: पालो आल्टो, सँटा क्लारा, मिलपिटास, सॅन होजे युनिफाइड. फक्त आठवीपर्यंतची वेगळी. आणि फक्त हायस्कूलं चालवणारी युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट: फ्रीमाँट युनियन, माउंटन व्ह्यू–लॉस आल्टोस, लॉस गॅटोस–सॅराटोगा, कॅम्पबेल युनियन, ईस्ट साइड युनियन. म्हणजे तुमचं मूल आठवीपर्यंत एका डिस्ट्रिक्टमध्ये आणि नववीपासून दुसऱ्यात असू शकतं. दोन्हींचे बोर्ड, बजेट आणि गणिताची धोरणं वेगळी.

आता नावांची गंमत बघा. फ्रीमाँट नावाचं शहर सँटा क्लारा काउंटीत नाही, ते शेजारच्या अलमीडा काउंटीत आहे, आणि मिशन सॅन होजे हायस्कूल त्या फ्रीमाँट शहरात आहे, सॅन होजेत नाही. फ्रीमाँट हायस्कूल मात्र आपल्या सनीवेलमध्ये. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये ते येतं त्या फ्रीमाँट युनियनची पाच हायस्कूलं आहेत: क्युपर्टिनो, फ्रीमाँट, होमस्टेड, लिनब्रुक, मॉन्टा व्हिस्टा. यातलं लिनब्रुक सॅन होजे शहरात आहे. एका कुटुंबानं फ्रीमाँट शहरात अपार्टमेंटची लीज सही करून मग मला ‘फ्रीमाँट युनियन’मध्ये नाव कसं घालायचं ते विचारलं होतं. मधे आख्खी काउंटीची सीमा होती.

पश्चिम सॅन होजेत तर एका चौकाच्या चार बाजूंना राहणारी मुलं तीन वेगळ्या डिस्ट्रिक्टांत जात असली तरी नवल वाटून घेऊ नका. टपालाच्या पत्त्यावर जे शहर लिहिलंय ते टपालखात्याच्या सोयीचं असतं.

याचं प्रसिद्ध उदाहरण स्टीव्ह जॉब्ज. माउंटन व्ह्यूतल्या शाळेत त्याला परत जायचं नव्हतं म्हणून १९६७ च्या सुमारास आईवडिलांनी घर बदललं. क्रिस्ट ड्राइव्हवरचं ते घर, ज्याच्या गॅरेजची पुढे एवढी चर्चा झाली, पत्त्यानं लॉस आल्टोसचं. पण शाळेच्या हद्दीनं क्युपर्टिनो-सनीवेलकडचं. म्हणून तो १९७२ मध्ये होमस्टेडमधून पास झाला. वॉझ्नियॅक त्याच शाळेचा, १९६८ चा. शाळेसाठी घर बदलण्याची ही रीत आपण आणलेली नाही, आपल्याआधीपासून आहे.

मग माझ्या घराची शाळा नक्की कशी शोधू?

डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून. घरं विकणाऱ्या संकेतस्थळांवर दिसणाऱ्या शाळेवर विसंबू नका, एजंटच्या शब्दावरही नाही. खात्री करायचीच असेल तर डिस्ट्रिक्टच्या नावनोंदणी विभागाला घरक्रमांकासह ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. हद्दी बदलतात. पटसंख्या घसरते आहे. आठवीपर्यंतच्या शाळा चालवणाऱ्या क्युपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टनं २०२२ मध्ये काही प्राथमिक शाळा बंद केल्या. आज जी शाळा आहे तीच पाच वर्षांनी असेल असं कुणी लिहून देणार नाही.

दहापैकी दहा रेटिंग म्हणजे नक्की काय?

ग्रेटस्कूल्सचं ते १ ते १० रेटिंग १९९८ पासूनच्या एका ना-नफा संस्थेचं काम आहे, सरकारचं नाही. घराच्या जाहिरातीत दिसणारा आकडा बहुधा हाच. राज्याच्या परीक्षांचे निकाल, कॉलेजची तयारी आणि वेगवेगळ्या समाजगटांतल्या मुलांचे निकाल यांची ती बेरीज असते. परीक्षेचे निकाल आईवडिलांच्या शिक्षणाशी आणि उत्पन्नाशी घट्ट बांधलेले असतात. जिथे निम्मे पालक इंजिनिअर आहेत तिथे रेटिंग खाली येणं कठीणच.

यूएस न्यूज या प्रकाशनाच्या क्रमवारीत ३० टक्के वजन कॉलेजच्या तयारीला, म्हणजे बारावीपर्यंत किती मुलांनी एपी किंवा आयबीच्या (हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेज-पातळीच्या अभ्यासक्रमांच्या) परीक्षा दिल्या आणि त्यात चांगले गुण मिळवले याला. ४० टक्के राज्याच्या परीक्षांच्या निकालाला: २० टक्के प्रत्यक्ष निकालाला आणि २० टक्के त्या प्रकारची मुलं असलेल्या शाळेकडून जेवढी अपेक्षा त्याच्या तुलनेत निकाल कसा याला. उरलेले तीस मागास गटांची कामगिरी, अभ्यासक्रमाची व्याप्ती आणि हायस्कूलची पदवी (बारावीचा डिप्लोमा) मिळवण्याचं प्रमाण यांत वाटलेले. त्यातला ‘अपेक्षेच्या तुलनेत’ हा भाग मला सगळ्यात कामाचा वाटतो, आणि नेमका तोच कुणी उघडून बघत नाही. सगळे फक्त वरचा क्रमांक सांगतात. निश हे संकेतस्थळ वेगळंच करतं, त्यात विद्यार्थी-पालकांचे अभिप्रायही मोजले जातात.

एका कसोटीवर मात्र मी स्वतः रेटिंग वापरते: ४ आणि ९ मध्ये फरक आहे का हे बघायला. ८ आणि १० मधला फरक बघायला कधीच नाही. लोक तेवढ्यासाठी घराला काही लाख डॉलर जास्त मोजतात, तो त्यांचा प्रश्न.

सरकारी आकडे कुठे मिळतात, आणि ते वाचायचे कसे?

तीन ठिकाणं. पहिलं, कॅलिफोर्निया स्कूल डॅशबोर्ड, २०१७ पासूनचं. त्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे पाच रंग. रंग फक्त आजची पातळी दाखवत नाही, गेल्या वर्षीपेक्षा वर गेली की खाली हेही त्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे उत्तम निकालाची शाळा किंचित घसरली तरी तिचा रंग फिका पडतो आणि मधली शाळा सुधारली की हिरवी होते. रंगावर थांबू नका, त्याच्या आतले दोन आकडे वेगळे बघा.

दुसरं, राज्याच्या परीक्षेचे सविस्तर निकाल. हायस्कूलमध्ये इंग्रजी आणि गणिताची ही परीक्षा फक्त अकरावीत असते, निकाल चार पातळ्यांत. यात एक मेख आहे. अकरावीची मुलं त्याच सुमाराला एपीच्या परीक्षांत बुडालेली असतात आणि कॅलिफोर्नियात पालक लेखी विनंती करून या परीक्षेतून सूट घेऊ शकतात. हुशार मुलांनीच सूट घेतली की निकाल विचित्र दिसतो. म्हणून टक्केवारीच्या आधी किती मुलांनी परीक्षा दिली ते पाहा.

तिसरं, प्रत्येक शाळेचं वार्षिक उत्तरदायित्व-पत्रक. १९८८ च्या प्रपोझिशन ९८ पासून (प्रपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मतदानानं मंजूर केलेला कायदा) ते सक्तीचं आहे. शिक्षक त्या विषयाचे पात्र आहेत का, वर्गात मुलं किती, इमारतीची अवस्था काय, एका काउन्सेलरमागे किती विद्यार्थी. दिसायला कंटाळवाणं, पण माझ्या मते रेटिंगपेक्षा शंभर पटीनं खरं. आकडे पाहताना एकूण टक्क्यावर थांबू नका; तुमच्या मुलासारख्या मुलांची ओळ शोधा. मुलाला इंग्रजी नवीन असेल तर इंग्रजी शिकणाऱ्यांची, विशेष गरज असेल तर त्या मुलांची. शाळा कुणाकडे लक्ष देते ते तिथे दिसतं.

एकाच काउंटीत एका डिस्ट्रिक्टकडे पैसा आणि दुसऱ्याकडे चणचण, असं का?

याचं उत्तर कळलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

१९७८ च्या प्रपोझिशन १३ नं मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला आणि मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढणार नाही असं ठरवलं; घर विकलं गेलं की मूल्यांकन नव्या भावानं. शाळांसाठी राज्य दर मुलामागे एक सूत्र लावतं. आजचं सूत्र २०१३-१४ पासून आहे. स्थानिक मालमत्ता कर त्या सूत्राच्या रकमेला कमी पडला तर राज्य फरक भरून देतं. कर सूत्रापेक्षा जास्त आला तर? जास्तीचा पैसा डिस्ट्रिक्टनं ठेवायचा. अशा डिस्ट्रिक्टांना ‘बेसिक एड’ म्हणतात, हल्ली कम्युनिटी फंडेड. जुनं नाव पडलं ते राज्यघटनेनं दर मुलामागे हमी दिलेल्या १२० डॉलरच्या मूळ मदतीवरून. फ्रीमाँट युनियन, पालो आल्टो, माउंटन व्ह्यू–लॉस आल्टोस, लॉस गॅटोस–सॅराटोगा हे या प्रकारात. अ‍ॅपलचं मुख्यालय, गूगलचं आवार, महागडी घरं: कर तिथूनच येतो.

बाकीच्या डिस्ट्रिक्टांत पैसा हजेरीवर मिळतो. मूल आजारी म्हणून घरी राहिलं की तेवढा पैसा जातो. म्हणून तिथून गैरहजेरीबद्दल फोन तत्परतेनं येतात. उलट बेसिक एड डिस्ट्रिक्टमध्ये एक मूल वाढलं तरी पैसा वाढत नाही, तोच पैसा जास्त मुलांत वाटावा लागतो. म्हणून तिथे पत्त्याची तपासणी इतकी कडक. त्यात दुष्टपणा नाही, हिशेब आहे.

याशिवाय पार्सल टॅक्स असतो, म्हणजे दर मालमत्तेमागे लागणारा जादा स्थानिक कर. तो मतदारांनी दोन तृतीयांश बहुमतानं मंजूर करावा लागतो, त्यामुळे कुठे भरघोस, कुठे शून्य. आणि पालकांच्या फाउंडेशनला देणग्या. सप्टेंबरात ‘अमुक रक्कम अपेक्षित’ असं पत्र आलं तर घाबरू नका, सरकारी शाळेत ती ऐच्छिकच असते.

भाड्याच्या घरात राहून चालतं का? आणि मित्राचा पत्ता दिला तर?

भाड्याचं घर पूर्ण चालतं. हद्दीत घर विकत घेतलेलं मूल आणि एका बेडरूमच्या अपार्टमेंटमधलं मूल यांत शाळेला काही फरक नाही. लीज, विजेचं बिल, बँकेचं किंवा कराचं पत्र अशी दोन-तीन कागदपत्रं लागतात. शाळेच्या चार वर्षांसाठी लहान घर भाड्यानं घेऊन स्वतःचं घर दुसऱ्याला भाड्यानं देणारी मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. गणित जमतं.

मित्राचा पत्ता देऊ नका. फ्रीमाँट युनियनसारखी डिस्ट्रिक्टं घरी येऊन बघतात, संशय आला तर चौकशी होते आणि मुलाला वर्षाच्या मधे शाळेतून काढलं जातं. शिक्षा मुलाला होते.

सरळ मार्ग आंतरडिस्ट्रिक्ट परवानगीचा आहे: सोडणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही डिस्ट्रिक्टनी मान्यता द्यायची. नकार मिळाला तर काउंटीच्या शिक्षण मंडळाकडे अपील करता येतं. पण वरचा पैशाचा हिशेब आठवा: बेसिक एड डिस्ट्रिक्ट बाहेरचं मूल घ्यायला सहसा राजी नसतं. एका डिस्ट्रिक्टच्या आतल्या आत शाळा बदलण्याच्या सोयी असतात, त्या दर वर्षी बदलतात. अर्जाची मुदत बहुधा हिवाळ्यात संपते, त्यामुळे जूनमध्ये चौकशी केली तर उशीर झालेला असतो.

मोठ्या नावाच्या शाळेतून यूसी बर्कली मिळणं सोपं जातं ना?

उलट बाजूही आहे. यूनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची (यूसीची) दोन गणितं लक्षात घ्या. एक, २०२१ पासून तिथे प्रवेशासाठी एसएटी या परीक्षेचे गुण बघतच नाहीत. दोन, आपल्या शाळेच्या वरच्या ९ टक्क्यांत असलेल्या मुलाला यूसी हमी देते: ज्या कॅम्पसना अर्ज केला तिथे नाही मिळालं, तर जागा असलेल्या एखाद्या कॅम्पसवर मिळेल. ती ‘जागा असलेली’ म्हणजे व्यवहारात बहुधा मर्सेडचा कॅम्पस. म्हणजे तुमच्या मुलाची तुलना आधी त्याच्याच शाळेतल्या मुलांशी. लिनब्रुकमध्ये वरच्या ९ टक्क्यांत येणं आणि ईस्ट साइडच्या एखाद्या शाळेत येणं, यात किती फरक आहे ते तुम्हीच ठरवा.

यूसी स्वतः दर शाळेचे आकडे प्रसिद्ध करते: किती मुलांनी अर्ज केले, किती घेतले, किती गेले, कॅम्पसनिहाय. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अमक्या शाळेतून सत्तर जण बर्कलीला’ असं फिरतं तेव्हा तिथे जाऊन अर्ज किती होते तेही बघा. ही उंटावरच्या शहाण्यांची गर्दी दर मार्चमध्ये वाढते.

आधी किमान अट बघा: ‘ए ते जी’ नावाचे १५ वार्षिक अभ्यासक्रम, ज्यात ४ वर्षं इंग्रजी, ३ वर्षं गणित, २ वर्षं प्रयोगशाळेचं विज्ञान, २ वर्षं परकी भाषा, १ वर्ष कला. राज्याच्या पदवीसाठी गणित दोनच वर्षं पुरतं. शाळेतून पदवी घेऊनही मूल यूसीला अपात्र असू शकतं. म्हणून शाळा तुलना करताना पदवीच्या टक्क्यापेक्षा ‘ए ते जी पूर्ण करणाऱ्यांचा’ टक्का बघा. सँटा क्लारा काउंटीत खरी दरी या टक्क्यात दिसते.

ज्या शाळेत एपीचे विषय जास्त ती चांगली?

यादी लांब असून उपयोग नाही, माझ्या मुलाला तो वर्ग मिळणार का हे महत्त्वाचं. काही शाळांत एपीला बसायला आधीच्या ग्रेडची अट, काही ठिकाणी ज्याला हवं त्याला. यूसी जादा गुणांक देते तो जास्तीत जास्त आठ सत्रांना, त्यामुळे बारा-तेरा एपी घेण्यामागे यूसीचं गणित नसतं, शेजाऱ्याचं असतं.

शाळेत नसलेला विषय कम्युनिटी कॉलेजात घेता येतो. डी अँझा, फुटहिल, वेस्ट व्हॅली, मिशन, एव्हरग्रीन व्हॅली: काउंटीत अशी कॉलेजं जागोजागी आहेत आणि हायस्कूलच्या मुलांना शिक्षणशुल्क बहुधा माफ असतं. फ्रीमाँट युनियनचे ‘मिडल कॉलेज’ आणि ‘कॉलेज नाऊ’ हे डी अँझाच्या आवारातले कार्यक्रम तर ज्या मुलांचा शाळेच्या चार भिंतींत जीव घुसमटतो त्यांच्यासाठी सोन्यासारखे. याबद्दल आपले पालक फारसं विचारत नाहीत, त्यात कमीपणा वाटतो बहुतेक.

गणितात मुलगी पुढे आहे. कुठल्या शाळेत तिला मागे ओढणार नाहीत?

२०१५ च्या कायद्यानं नववीत गणिताची तुकडी ठरवण्याचं धोरण लेखी आणि वस्तुनिष्ठ असणं सक्तीचं केलं. ते धोरण मागून घ्या. आठवीपर्यंतचं डिस्ट्रिक्ट वेगळं असेल तर आठवीत अल्जिब्रा १ झालंय की जिऑमेट्री, यावर पुढची शिडी अवलंबून: जिऑमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. माझ्या मोठ्या मुलाला एका शाळेनं (नाव घेत नाही) जागा नाही म्हणून एक वर्ष खालच्या वर्गात बसवलं होतं. धोरणाची प्रत हातात धरून गेले तेव्हा दोन आठवड्यांत काम झालं. भांडले नाही, प्रत दाखवली एवढंच.

मॉन्टा व्हिस्टा, लिनब्रुक, पालो आल्टोचं गन: तिथे मुलांवर ताण खूप असतो असं ऐकलं. खरं आहे का?

यावर हलक्यानं बोलू नये असं मला वाटतं. पालो आल्टोत २००९ मध्ये आणि पुन्हा २०१४-१५ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं अनेक किशोरवयीन मुलं गेली. २०१६ मध्ये रोगनियंत्रण करणारी देशाची मध्यवर्ती संस्था, सीडीसी, या काउंटीत येऊन तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास करून गेली. कारण एकच नसतं, आणि ‘अमुक शाळेमुळे’ असं म्हणणं चूक आहे. पण त्यानंतर इथल्या शाळांत मानसिक आरोग्याची केंद्रं, समुपदेशक, वेळापत्रकातले बदल आले, आणि शाळा बघायला जाल तेव्हा वेलनेस सेंटर कुठे आहे, भेट न ठरवता मुलाला तिथे जाता येतं का, हे विचारणं एपीच्या यादीइतकंच रास्त आहे. रात्री-अपरात्री गरज पडली तर देशभर ९८८ हा क्रमांक आहे, फोन आणि मेसेज दोन्हीला.

माझ्या पाहण्यातली गोष्ट अशी: ताण शाळेतून जितका येतो तितकाच जेवणाच्या टेबलावरून येतो. पण जिथे वर्गातल्या तीस मुलांपैकी पंचवीस जणांच्या घरी तेच टेबल आहे तिथे मुलाला श्वास घ्यायला दुसरी जागा उरत नाही. तुमचं मूल स्पर्धेत फुलतं की मिटतं हे तुम्हाला नववीच्या आधी माहीत असतं. खोटं बोलू नका स्वतःशी.

ईस्ट साइडच्या किंवा दक्षिण सॅन होजेच्या शाळा टाळाव्यात का?

हा प्रश्न आपले लोक दबक्या आवाजात विचारतात, आणि बरेचदा त्याचा खरा अर्थ ‘तिथे आपली मुलं किती?’ असा असतो. ईस्ट साइड युनियन हे मोठं डिस्ट्रिक्ट आहे, एका रंगाचं नाही. २००२ मध्ये सुरू झालेलं एव्हरग्रीन व्हॅली हायस्कूल त्याच डिस्ट्रिक्टमधलं आणि तिथे भारतीय कुटुंबं भरपूर. सॅन होजे युनिफाइडमधलं लीलंड आल्मडेन भागातलं, त्याचं नाव क्युपर्टिनोइतकंच घेतलं जातं. मिलपिटास शहरात अनेक वर्षं एकच मोठं सर्वसाधारण हायस्कूल, त्यामुळे श्रीमंत-मध्यमवर्ग सगळे एका छताखाली.

आणि ज्यांची रेटिंग ४-५ आहे त्या शाळांतही कॅल्क्युलसचा वर्ग असतो. फरक असा की तो एकच असतो, आणि तो वेळापत्रकात बँडच्या तासाला आपटला तर दुसरा पर्याय नसतो. फरक इतका ठोस आणि इतका मर्यादित आहे. माझी धाकटी अशाच शाळेत होती. काउन्सेलर तिला नावानं ओळखायच्या.

चार्टर शाळा सरकारी की खासगी?

सरकारी, फुकट. हद्द नसते, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. दर्जा शाळेगणिक वेगळा. किती वर्षं चालू आहे आणि तिचा परवाना कधी नूतनीकरणाला येतो ते विचारा, कारण त्या बंदही पडतात.

मुलगा भारतातून दहावी करून येतोय. काय होईल?

वय आणि गुणपत्रकं पाहून शाळा त्याला दहावीत किंवा अकरावीत बसवेल. नववी-दहावीची मूळ गुणपत्रकं, इंग्रजीतून, शाळेच्या शिक्क्यासह आणा. अमेरिकेचा इतिहास, सरकार आणि अर्थशास्त्र हे कॅलिफोर्नियाच्या पदवीला लागतात, ते आपल्या दहावीतून मिळत नाहीत. दोन वर्षांचं शारीरिक शिक्षणही. अकरावीत आलेल्या मुलाचं वेळापत्रक त्यामुळे खच्चून भरतं, म्हणून दहावीत बसवत असतील तर कमीपणा मानू नका.

नावनोंदणीच्या अर्जात ‘घरी कुठली भाषा बोलता’ असा रकाना असतो. ‘मराठी’ लिहिलंत की मुलाची इंग्रजीची प्राथमिक चाचणी होते. इंग्रजी माध्यमातलं मूल असलं तरी. बऱ्याच पालकांना हा अपमान वाटतो. नियम आहे, मूल अर्ध्या दिवसात मोकळं होतं. शाळेला तुमचा व्हिसा विचारण्याचा संबंध नाही. १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सरकारी शाळेचं दार त्यावर अडत नाही. लसीकरणाची नोंद मात्र पक्की लागते, कारण वैयक्तिक मत म्हणून लस नाकारण्याची सूट कॅलिफोर्नियानं २०१५ च्या कायद्यानं काढून टाकली.

अभ्यास सोडून शाळेत काय बघू?

मुलाचं वेड. रोबोटिक्सचं असेल तर मॉन्टा व्हिस्टाचा ११५ क्रमांकाचा, गनचा १९२ चा, लिनब्रुकचा ८४६ चा संघ, हे जुने आणि भारी. पत्रकारिता आवडत असेल तर पालो आल्टो हायस्कूलमध्ये एस्थर वोजीस्की यांनी १९८४ पासून जे उभं केलं त्याला तोड नाही. मुलांनीच चालवलेली नियतकालिकं तिथे ढिगानं आहेत. मार्चिंग बँड होमस्टेडचा आणि सॅराटोगाचा. पण नामांकित संघात जागा मिळण्याची स्पर्धाही तशीच, ती विचारून घ्या. क्रिकेट अजून बहुतेक ठिकाणी क्लबपुरतंच.

आणि शाळा सुटल्यानंतर वीस मिनिटं फाटकाजवळ उभे राहा. मुलं कुणाबरोबर बाहेर पडतात, किती एकटी, किती हसत. हे कुठल्याच पत्रकात नसतं.

मराठीचा इथे काही उपयोग होतो का?

होतो. कॅलिफोर्नियाचं ‘सील ऑफ बायलिटरसी’ हे देशातलं पहिलं, कायदा २०११ चा. इंग्रजीशिवाय आणखी एका भाषेत चांगलं वाचता-लिहिता-बोलता येतं हे सिद्ध केलं की पदवीपत्रावर शिक्का मिळतो. मराठीची एपी परीक्षा नाही, पण मराठी तपासणाऱ्या बाहेरच्या भाषा-परीक्षा आहेत. कुठली मान्य हे डिस्ट्रिक्ट ठरवतं, आणि रविवारच्या मराठी शाळेला क्रेडिट देतं का हेही. नववीतच विचारा. बारावीच्या फेब्रुवारीत विचारणारे दर वर्षी तीन-चार तरी भेटतात.

शाळा किती वाजता भरते?

साडेआठच्या आधी नाही. २०१९ चा कायदा जुलै २०२२ पासून लागू झाला तेव्हापासून हायस्कूलचा पहिला सक्तीचा तास त्याआधी ठेवता येत नाही. त्यामुळे सकाळी सव्वाआठला डी अँझा बुलेव्हार्डवर गाडी काढू नका.